संकट येण्याआधीची मदत
(मेंढपाळ, जनावरं आणि लहरी हवामान)



तहान लागल्यावर विहीर खणू नये, असं आपल्यात म्हणतात. शेतीत आपण हे पाळतो. पावसाआधी नांगरट उरकतो, घर शाकारून घेतो. जनावरांवर संकट येतं तेव्हा मात्र मदत बहुधा मागाहून येते. जनावर दगावतं, पंचनामा होतो, मग कागद फिरू लागतो. हीच मदत आधी पोचवता येते का, हे आज पाहू. त्यासाठी प्रथम एका दूरच्या देशाचं उदाहरण घेतो, आणि मग आपल्या शिवारात बसायला येणाऱ्या मेंढरांकडे वळतो.

मंगोलियातला हिवाळा

रशिया आणि चीन यांच्या मधोमध मंगोलिया हा देश आहे. तिथं माणसं सुमारे ३५ लाख, आणि जनावरं २०२३ च्या अखेरीस साडेसहा कोटींच्या आसपास होती. मेंढ्या, शेळ्या, गायी व याक, घोडे आणि उंट. हिवाळ्यात पारा शून्याखाली ४० अंशांपर्यंत उतरतो. तरीही बरीचशी जनावरं उघड्यावरच चरतात. खुरानं बर्फ उकरून खालचं वाळकं गवत खातात.

कधी कधी उन्हाळ्यात पाऊस कमी पडतो. गवत खुरटतं, जनावरांच्या अंगावर चरबी धरत नाही, आणि त्यावर कडक हिवाळा येतो. या संकटाला तिथले लोक ‘झुद’ म्हणतात. बर्फाचा जाड थर साचला तर पांढरा झुद. बर्फ वितळून पुन्हा गोठला आणि गवतावर टणक कवच बसलं तर लोखंडी झुद. बर्फच पडला नाही आणि जनावरांना पाणी मिळेना, तर काळा झुद. २००९-१० च्या हिवाळ्यात देशातल्या दर पाच जनावरांमागे सुमारे एक जनावर मेलं. २०२३-२४ मध्ये ७० लाखांहून अधिक जनावरं गेली. ज्याचा कळप गेला, तो पाल गुंडाळून राजधानीच्या कडेला मजुरी शोधत जातो.

आता मुद्द्याची गोष्ट. हे संकट एका रात्रीत येत नाही. उन्हाळ्यातला पाऊस, गवताची स्थिती, जनावरांची संख्या आणि पुढचा हवामान अंदाज यांचा मेळ घालून तिथलं हवामान खातं हिवाळ्याच्या तोंडाशी धोक्याचा नकाशा काढतं. कोणत्या तालुक्यावर जास्त भार येणार, हे त्यावरून आधीच कळतं.

२०१७-१८ च्या हिवाळ्यात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनं अशा इशाऱ्यावरून सुमारे एक हजार मेंढपाळ कुटुंबांना वैरण आणि जनावरांचं पोषक खाद्य वेळेआधी दिलं. काही जनावरं अंगात मांस असतानाच विकत घेतली आणि ते मांस गरीब कुटुंबांना वाटलं. नंतर हिशेब केला, तेव्हा खर्चलेल्या एका डॉलरमागे कुटुंबांचा सुमारे सात डॉलरांचा फायदा झालेला दिसला. रेडक्रॉसनंही त्या हिवाळ्यात, आणि पुन्हा २०२० मध्ये, रोख रक्कम आणि जनावरांच्या औषधपाण्याचं साहित्य आधीच पोचवलं.

आधीची मदत स्वस्त का पडते? तीन कारणं आहेत. एक, बर्फ पडल्यावर वाटा बंद होतात. दोन, संकट आलं की वैरण महागते आणि जनावराचा भाव पडतो. तीन, खंगलेल्या जनावराला चारा दिला तरी तो अंगी लागत नाही. अर्थात, मदत लवकर गेली म्हणजे सगळंच वाचतं असं नाही. कुरणाला पेलणार नाहीत इतकी जनावरं असतील, तर कोणतीही मदत अपुरीच पडते.

आपल्या शिवारात

आपल्याकडे बर्फ नाही, पण गाठ तीच आहे. पावसाळा सरला की मेंढपाळ बांधव कळप घेऊन बाहेर पडतात. आपण त्यांची मेंढरं शेतात बसवतो, लेंडीखत घेतो. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला पुणे, नाशिक आणि तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत अवकाळी पाऊस आणि थंडीनं शेकडो मेंढ्या दगावल्या. लोकर भिजली, गार वारं सुटलं, खाली चिखल आणि वर आडोसा नाही. अशा वेळी मेंढरू काकडून जातं.

हवामानाचा इशारा आपल्या घरी रेडिओवर ऐकू येतो. रानातल्या पालात तो पोचेलच असं नाही. म्हणून शेतमालकानं एवढं करावं:

१. अवकाळी पावसाचा किंवा थंडीच्या लाटेचा इशारा ऐकला की त्याच दिवशी मेंढपाळाला जाऊन सांगा. उद्यावर टाकू नका.

२. वाघर ओढ्याकाठी किंवा सखल जागी असेल तर ती उंचवट्यावर हलवायला जागा द्या. झाडाखाली मात्र नको, विजेचं भय असतं.

३. गोठ्याची पडवी, रिकामी शेड, शाळेचा किंवा देवळाचा आडोसा पंचायतीला विचारून आधीच ठरवून ठेवा. जागा थोडी असेल तर कोकरं आणि गाभण मेंढ्या प्रथम आत घ्या.

४. पाऊस येण्याआधी मेंढरांना पोटभर कोरडी वैरण मिळू द्या. कडब्याच्या चार पेंढ्या उसन्या द्यायला हरकत नाही. उपाशी मेंढराला एकदम धान्य मात्र घालू नका, पोट बिघडून जनावर दगावतं.

५. थंडी-पावसाचा इशारा असेल तर लोकर कातरणी पुढं ढकलायला सांगा.

६. काकडलेलं कोकरू गोणपाटानं कोरडं पुसा, उबेला ठेवा, मग पाजा. पशुवैद्यकाला लगेच बोलवा.

७. तरीही जनावर दगावलं तर पुरण्याआधी तलाठी आणि पशुवैद्यकीय दवाखाना यांना कळवा. पंचनामा झाल्याशिवाय भरपाईचा अर्ज पुढं सरकत नाही.

गावानं यंदाच्या दिवाळीआधी एक बैठक घ्यावी. कोणाच्या शेतात किती मेंढरं बसणार, आडोसा कुठं, वैरण कोण देणार आणि निरोप कोण नेणार, हे चार प्रश्न कागदावर लिहून ते पंचायतीत लावावेत. याला खर्च फारसा येत नाही. मेंढपाळाचा कळप हेच त्याचं शेत आणि हीच त्याची बँक. तो वाचला तर पुढल्या साली तुमच्या शेताला खतही मिळेल.

अधिक माहितीसाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावं.