पाय दाबायच्या आधी विचारा

दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून मंडळींनी आम्हाला चार शब्द बोलायला सांगितलं. आम्ही चौथी शिकलेलो माणूस. धान पिकवतो आणि कीर्तन करतो. दिंडीचा इतिहास सांगणारे जाणते इथं बसले आहेत, तो त्यांनी सांगावा. आम्ही आज दुखण्यावर बोलणार आहोत. घरात खाटेवर बसलेल्या म्हाताऱ्या माय-बापाच्या दुखण्यावर.

पुंडलिकाची कथा तुम्हाला पाठ आहे. मायबापाची सेवा करत होता, देव दारात आला, हा उठला नाही, वीट सरकवून दिली. ही कथा आम्ही किती गावांत सांगितली त्याचा हिशेब नाही. कथा सांगताना आम्ही पाय दाबण्याचा अभिनयही करतो, लोकांना आवडतो. पण आमची माय ८५ वर्षांची आहे, आणि तिच्या पायाला हात लावला तर ती ओरडते. दाबणं दूरच, अंगावरची चादर अंगठ्याला लागली तरी म्हणते, "काढ रे बावा, इंगळ ठेवल्यासारखं लागते." आता सांगा, अशा मायची सेवा पुंडलिकानं कशी केली असती? आमच्या मतानं त्यानं आधी विचारलं असतं.

मायचं दुखणं दोन प्रकारचं. एक कंबर आणि गुडघ्याचं. आपल्या भागात बाईमाणसानं उभा जन्म बांधीत वाकून रोवणं केलं, चिखलात पाय, डोक्यावर पाऊस. त्या कमरेचं काय होणार? हे दुखणं लोकांना समजते. शेकलं, तेल लावलं, टेकायला काठी दिली की थोडं बरं वाटते. दुसरं दुखणं नसांचं. ते कोणाला दिसत नाही. सूज नाही, लाली नाही, ताप नाही. दिवसा कामाच्या गडबडीत कमी, आणि रात्री दिवा मालवला की सुरू. आग होते, मुंग्या येतात, सुया टोचतात, मधेच करंट लागल्यासारखी कळ जाते. म्हणून घरातले लोक म्हणतात, दिवसभर तर चांगली होती, रात्रीच कसं दुखते? बुढी नखरे करते. मंडळी, हे वाक्य आम्ही पुष्कळ घरांत ऐकलं. नखरे नाहीत. त्या दुखण्याची रीतच तशी आहे.

डॉक्टरांनी आम्हाला समजावलं ते असं. मायला बरीच वर्षं साखर आहे. साखर रक्तात जास्त राहिली की नसा खराब करते, आणि सगळ्यात लांब नस आधी. पायाच्या बोटापर्यंत जाणारी नस सगळ्यात लांब, म्हणून सुरुवात बोटांपासून. मग वर चढते, मोजा घालावा तशी. जुने लोक पायाचं काहीही झालं की लाखोरीवर ढकलतात. लाखोरीची डाळ जास्त खाल्ली तर पाय आखडतात हे खरं, तिच्या विक्रीवर १९६१ साली बंदीही आली होती. पण ते दुखणं वेगळं, हे वेगळं.

आता माळकऱ्यांनी कान देऊन ऐका, कारण हे खास आपल्यासाठी आहे. आपण मांस-मासळी-अंडं शिवत नाही, आणि शिवायचंही नाही. पण नसांना बी-१२ नावाचं जीवनसत्त्व लागते. ते भाजीपाल्यात नसते, आपल्याला दूध-दह्यातूनच मिळते. म्हातारपणी दूध पितो कोण? नातवाला देतात. त्यात साखरेसाठी मेटफॉर्मिन नावाची गोळी बरीच वर्षं चालू असली तर तिच्यामुळेही हे बी-१२ कमी होते. मग साखरेनं नस खराब, आणि वरून हे कमी. मायचं रक्त तपासलं तर बी-१२ बरंच खाली निघालं. सुया घेतल्या, मग गोळ्या. माळ काढायची गरज पडली नाही. ज्यांच्या पायाला मुंग्या येतात त्यांनी डॉक्टरांना हे एकदा विचारावं, एवढंच आमचं म्हणणं.

गोळ्यांचंही सांगतो. दुकानातून आणलेली अंगदुखीची गोळी नसांच्या दुखण्याला फारशी लागत नाही, आणि म्हाताऱ्या माणसानं ती रोज खाल्ली तर पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडवते. नसांच्या दुखण्याची गोळी वेगळी असते. त्यातली एक तर मनाच्या आजाराचीही गोळी आहे. नातवानं तिचं नाव मोबाईलवर पाहिलं आणि घरात गोंधळ, की डॉक्टरनं आजीला वेडी ठरवलं! तसं नसते. तीच गोळी थोड्या मात्रेत नसांना शांत करते. ती थोडीशी सुरू करून हळूहळू वाढवतात, गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत काही झालं नाही म्हणून फेकू नका, आणि आपल्या मनानं दोनच्या चारही करू नका. तिनं गुंगी येते, तोल जातो. आम्ही मायच्या खाटेजवळ रात्रभर बारका दिवा ठेवतो, आणि ती उठली की कोणीतरी धरते.

आणि पुड्या देणारे वैदू. त्यांच्या पुडीनं दोन दिवसांत नाचायला लागतात. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेलं असते, त्यानं साखर भडकते. त्यांच्यापासून लांब राहा.

डॉक्टर विचारतात, दहापैकी किती दुखते? मायला दहाचा हिशेब कळेना. आम्ही विचारलं, माय, सोळा आण्यातले किती आणे? लगेच म्हणाली, "बारा आणे." तेव्हापासून नात रोज रात्री वहीत आणे लिहिते. सुरुवातीला चौदा, पंधरा. आता सहा-सातवर असते. ती वही दवाखान्यात दाखवली तर डॉक्टर खूश झाले. सोळाचे शून्य आणे होणार नाहीत, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. निम्मं कमी झालं, झोप लागली, तर गुण आला समजायचं.

चादरीचा उपाय मात्र आमच्या घरच्या लक्ष्मीनं काढला. कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं असते ना, तसं एक नवीन आणलं, अर्धं कापून पायावर ठेवलं आणि त्याच्यावरून चादर टाकली. पाय झाकलेही आणि चादर लागतही नाही. माय हसली, म्हणाली, "आता अंडी द्यायचीच राहिली." कित्येक दिवसांनी हसली होती.

पायात आग होते तसा पाय बधिरही असतो, दोन्ही एकाच वेळी. हे लक्षात ठेवा. आमच्या ओळखीच्या एका बुवांचे पाय मुलानं प्रेमानं गरम विटेनं शेकले. बुवांना चटका समजलाच नाही. फोड आला, चिघळला, शेवटी एक बोट काढावं लागलं. वीट देवाला उभं राहायला द्यावी, बधिर पायाला देऊ नये. गरम पाण्याचीही तीच गोष्ट. पाणी आधी आपल्या कोपरानं पाहा. रोज संध्याकाळी पाय धुवून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवा उजेडात पाहायचा. घरातही चप्पल घालायची. आमच्याकडे हरिपाठाच्या आधी हे काम होते.

हरिपाठ सुरू झाला की मायचे ओठ हलतात आणि तेवढा वेळ ती पायाला विसरते. ते आम्ही रोज पाहतो. पण हरिपाठानं साखर उतरत नाही, तिला गोळीच लागते. आणि कोणी घरी येऊन "हे मागच्या जन्माचं भोगणं आहे" असं मायसमोर म्हणाला, तर आम्ही त्याला चहा देतो आणि विषय बदलतो. दुखणाऱ्या माणसाला त्याचाच दोष सांगणं हे कोणत्या संतानं शिकवलं?

पुंडलिकाच्या कथेत त्याची बायको येते, पण तिची सेवा आम्ही कीर्तनकार सांगत नाही. आमच्या घरी रात्री दोन वाजता उठते कोण? मायची सून. तीही साठीची झाली, तिचेही गुडघे दुखतात. म्हणून आम्ही भावाभावांनी पाळी लावली. रात्री एक दिवस आड पुरुषमाणूस उठतो.

आता वारीचं. आपल्या धानपट्ट्यात आषाढी आणि रोवणी एकाच वेळी येते. त्यात घरी दुखणाईत असलं तर माणूस पार अडकतो. एका आषाढीला आम्ही मायसाठी घरी राहिलो, तर चार लोक म्हणाले, महाराजाची नेमाची वारी चुकली. आम्हाला तसं वाटलं नाही. ज्या पंढरीला जायचं तिथं देव का उभा आहे, हे आठवा. गाडगेबाबांनी पंढरपुरात यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, तशी मुंबईत दवाखान्यात येणाऱ्यांच्या नातेवाइकांसाठीही बांधली.

म्हणून शंभराव्या वर्षी एक मागणं आहे. जो घरी मायबापासाठी थांबला, त्याचं नाव दिंडीच्या वहीतून खोडू नका. त्याच्या नावापुढं 'सेवेत' असं लिहा. आणि ज्याला एकच वर्ष का होईना जायचं आहे पण मागं कोणी नाही, त्याच्या घरी दिवसा बसायला गावात राहिलेल्यांनी पाळी घ्यावी. पाय पाहणं, गोळी देणं, गप्पा मारणं, एवढंच काम. शिकवायला आम्ही येतो. ज्यांच्या घरी असं दुखणं आहे त्यांनी आज काल्याचा प्रसाद घेऊन जाताना विणेकरी महाराजांकडे नाव सांगावं. वही आणि पेन तिथं मंडपाच्या खांबाजवळ ठेवलं आहे. आमच्या मायचं नाव पहिलं लिहिलेलं आहे.

रामकृष्ण हरी.