साखर वाढते, रक्त आंबट होते

पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा गावात इन्सुलिनवर असलेल्या पोराची बाटली संपली, तर काय होतं?

इन्सुलिन नसेल तर रक्तातली साखर पेशींत शिरत नाही. मग शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून कीटोन नावाची आम्लं साचतात. डॉक्टर याला डायबेटिक कीटोॲसिडोसिस म्हणतात. आधी घसा कोरडा पडतो, लघवी वारंवार होते. मग उलट्या, पोटदुखी, आणि धाप लागल्यासारखा खोल, जलद श्वास. तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो. मोहफुलांच्या मुलखात हा वास आला की लोक सरळ म्हणतात, पिऊन आलाय! किंवा बाहेरचं झालंय म्हणून पुजाऱ्याकडे नेतात. तिथे गेलेले तास फार महाग पडतात.

दवाखान्यात सलाईन, शिरेतून इन्सुलिन आणि गरजेप्रमाणे पोटॅशियम देतात. वेळेत पोहोचलेला रुग्ण बहुधा वाचतो. १९२२ पूर्वी, इन्सुलिनच नव्हतं तेव्हा, असं मूल वाचत नसे.

ताप आला, जेवण गेलं, तरी इन्सुलिन बंद करू नका. डोस डॉक्टरांना विचारा. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात फ्रिज नसेल तर बाटली माठाच्या गारव्यात, पण कोरडी ठेवा. नदी चढण्याआधी जास्तीची बाटली घरात आणून ठेवा. उलट्या आणि धाप एकत्र दिसली, तर १०८ला फोन लावा.