कडाबिनीचा दाखला

(पालघर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



'कडाबीन' हा शब्द आता आपल्या बोलण्यातून जवळजवळ हद्दपार झाला आहे. आखूड नळीची, घोडेस्वाराला खोगिरावर बसून वागवता येईल अशी बंदूक, एवढाच त्याचा अर्थ. आणि फ्रेंचांचा 'काराबिन' व पोर्तुगीजांचा 'काराबिना' हे त्याचे सख्खे भाऊबंद. तारापूरच्या पोर्तुगीज कोटाच्या भिंती पाहत वाढलेल्या माणसाला या भाऊबंदकीचे नवल वाटू नये. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने तो कोट सर केला, आणि बाजी भिवराव रेठरेकरांसारखा मोहरा त्या झुंजीत गोळी लागून पडला, हे आपण सारे जाणतो. परंतु ज्या बंदुकांनी ती झुंज झाली त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न इतिहासकाराला सहसा पडत नाही. तो पडतो संग्राहकाला. लढाई संपली तरी बंदूक संपत नाही. ती लिलावात निघते, तिची नळी कापली जाते, यंत्र पालटले जाते आणि ती दुसऱ्याच धन्याच्या चाकरीस रुजू होते. अशा रूप पालटलेल्या लष्करी कडाबिनींची ओळख कशी पटवावी आणि त्यांच्या अस्सलपणाचा दाखला कोणी, कशाच्या बळावर द्यावा, हा आजचा विषय आहे.

संग्राहकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'हिच्यात फेरफार झालेला आहे काय?' आणि 'झालेला आहे' असे उत्तर मिळताच त्याचा चेहरा उतरतो. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. स्नायडर बंदुकीचे उदाहरण घ्या. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड ही ठासणीची बंदूक. ब्रिटनने १८६६ मध्ये जेकब स्नायडर नावाच्या अमेरिकन गृहस्थाची युक्ती पत्करली, हजारो जुन्या एन्फील्डांच्या नळ्यांचा मागील सुमारे अडीच इंच भाग कापून काढला आणि तेथे उजवीकडे उघडणारे झाकण बसवून तीच बंदूक मागून काडतूस भरण्याजोगी केली. म्हणजे ही बंदूक मुळातच फेरफारातून जन्मली. तिच्या घोड्याच्या यंत्रावरील पट्टीवर १८६२ साल कोरलेले आढळले तर अजाण ग्राहक 'पट्टी दुसऱ्या बंदुकीची आहे' म्हणून ती नाकारतो. जाणत्याला मात्र ते साल पाहून समाधान वाटते, कारण स्नायडरच्या आधीचे साल हीच जुनी एन्फील्ड पालटल्याची खूण होय. पुढे मुळापासून स्नायडर म्हणून घडवलेल्या तिसऱ्या मार्कच्या बंदुकांच्या नळ्या लोखंडाऐवजी पोलादाच्या झाल्या, आणि ते त्यांच्यावर छापलेलेही असते. त्या जातीच्या पट्टीवर १८६२ दिसले, तर मात्र शंका घ्यावी.

यावरून माझा मुद्दा ध्यानी येईल. पालट झाला की नाही हे गौण आहे. तो कोणी केला, केव्हा केला आणि कशासाठी केला, हे मुख्य. सरकारी हुकुमाने झालेला पालट लोखंडावर आपली नोंद ठेवून जातो, आणि बाजारात झालेला पालट ती नोंद पुसू पाहतो.

मार्टिनी-हेन्रीच्या कडाबिनीत ही नोंद इतकी नेटकी असते की एखाद्या कसबी कारकुनाची खतावणी वाचावी. मूळ मार्टिनी-हेन्री ही १८७१ ची बंदूक. पुढे थ्री-नॉट-थ्री काडतूस आले तेव्हा जुन्या मार्टिनींना नव्या नळ्या चढवून त्यांच्या मार्टिनी-एन्फील्ड केल्या. यंत्राच्या उजव्या अंगावर मूळ मुकुट, 'व्ही. आर.' ही व्हिक्टोरिया राणीची अक्षरे, कारखाना आणि साल. आणि डाव्या अंगावर नव्या जन्माचे नाव व त्याचे साल. दोन बाजूंच्या दोन सालांमध्ये जे अंतर, तेच त्या बंदुकीचे चरित्र. इंग्रजी अमदानीतल्या हिंदुस्थान सरकारच्या मालकीची बंदूक असेल तर सरकारी मालकीच्या बाणाच्या खुणेखाली इंग्रजी 'आय' हे अक्षर असते. आणि दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर ठोकलेले दिसले, की ती रीतसर सरकारी चाकरीतून मुक्त होऊन विक्रीस काढली गेली असे समजावे.

ठोकलेले, असे मी मुद्दाम म्हटले. चिंचणी-तारापूरच्या पट्ट्यात घराघरांतून दागिन्यांच्या डाय कोरणारे कारागीर आहेत. त्यांतल्या एका स्नेह्याला मी एकदा एक कडाबीन पाहावयास नेले होते. त्याला बंदुकीतले काडीचे कळत नव्हते. डोळ्याला भिंग लावून त्याने त्या मुकुटाकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, 'काका, हा ठसा मारलेला नाही, कोरलेला आहे.' कारखान्याचा मुकुट ठोकलेला असतो, तेव्हा हा नकली. ठसा हातोड्याखाली बसतो तेव्हा धातू बाजूला सरकतो आणि अक्षराच्या काठाशी सूक्ष्मसा उचलून येतो. कोरणी मात्र धातू काढून टाकते, आणि खाचेच्या तळाशी हत्याराची वाट उरते. शंभर वर्षांच्या घासणीने काठ झिजतात खरे, पण तळ झिजत नाही. त्या दिवशी मला जे कळले ते मी तोवर वाचलेल्या जाडजूड ग्रंथांत मला कोठे गवसले नव्हते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर उभे राहणारे जे तरुण आज या सभेत बसले आहेत, त्यांनाही कापलेल्या नळीच्या तोंडाकडे पाहून ते कारखान्यात खरवडले की गल्लीतल्या दुकानात करवतीने कापले, हे माझ्याहून लवकर सांगता येईल.

बाजारी पालटाचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे 'जंगल कार्बाइन'. पाचव्या क्रमांकाची ही ली-एन्फील्ड १९४४ पासून फझाकर्ली आणि शर्ली या दोनच कारखान्यांत घडली. नळीच्या टोकाला ज्वाला झाकणारा शंकू, कुंद्याला रबराची गादी, असे तिचे रूप देखणे आणि म्हणून नकलेला सोपे. युद्धानंतर अमेरिकेत स्वस्तात आलेल्या लांब रायफली कापून, शंकू चढवून, त्या याच नावाने खपवल्या गेल्या. कॅलिफोर्नियातील पॅसाडीनाच्या गोल्डन स्टेट आर्म्सने तर 'सांता फे जंगल कार्बाइन' असे नाव देऊन उघडपणे विकल्या, त्यात लबाडी नव्हती. लबाडी पुढच्या हाताने केली. ओळख अशी: खऱ्या पाचव्या क्रमांकाच्या नळीच्या मुळाशी वजन घटवण्यासाठी धातू खरवडून काढलेला असतो आणि यंत्राच्या सांगाड्यालाही तशाच खोबणी असतात, मागील नेमपट्टीवर अंतराचे आकडे आठशे यार्डांवर थांबतात. चौथ्या क्रमांकाच्या लांब ली-एन्फील्डवरून बनवलेल्या नकलेत नेमपट्टी तेराशेपर्यंत जाते आणि लाकडाखालची नळी जाडच्या जाड राहते, कारण जे झाकलेले ते ग्राहक पाहणार नाही असा नकलाकाराचा हिशेब असतो. आणखी गंमत अशी की आपल्या ईशापूरच्या कारखान्यात साठीच्या दशकात घडलेल्या ७.६२ मिलिमीटरच्या रायफलींवरून अमेरिकेतील गिब्ज कंपनीने 'सात क्रमांकाची जंगल कार्बाइन' काढली. लष्कराने अशी कार्बाइन कधीही घडवली नव्हती. ज्या वस्तूचे मूळच नव्हते, तिची नक्कल झाली!

याच्या उलट पेशावर-कोहाट वाटेवरील दर्रा या गावच्या लोहारांचे नकली बंदुकांचे काम. त्यांना इंग्रजी येत नसे. ते अक्षर चित्रासारखे उतरवीत. त्यामुळे 'एन' उलटा पडतो, आणि 'व्ही. आर.' च्या खाली १९०३ साल येते. राणी १९०१ मध्ये वारली हे त्यांना कोणी कळवले नसावे. आपल्याकडचा एक लाभही सांगतो: २००३ मध्ये नेपाळच्या लगन सिलेखान्यातून पन्नास हजारांवर जुनी शस्त्रे अमेरिकेतील व्यापाऱ्यांनी विकत नेली, आणि त्यांतील कित्येक बंदुकांवरच्या खुणा देवनागरीत आहेत. परदेशी संग्राहक ज्या अक्षरांपुढे हताश होतो, ती पालघरच्या शाळेतले पोर वाचील.

आता कायद्याचे दोन शब्द. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या सहाव्या कलमाप्रमाणे परवान्यावाचून नळी आखूड करणे हाच गुन्हा आहे. आणि जे जुनाट शस्त्र दुरुस्त करूनही उडवण्याजोगे नाही व तसा हेतूही नाही, तेवढ्याच शस्त्राला पंचेचाळिसावे कलम मोकळीक देते. तेव्हा माळ्यावर काही सापडले तर आधी पोलीस ठाणे गाठावे, मग तज्ज्ञ. आणि ते उडते का हे पाहण्याचा मोह तर कोणीच धरू नये.

शेवटी एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी जवळच्या एका गावच्या गृहस्थांनी मला घरी बोलावले. दिवाणखान्याच्या भिंतीवर यंत्र निकामी केलेली, रीतसर कागदपत्रांची एक बंदूक टांगली होती आणि तिच्याखाली पाटी होती: '१४ ऑगस्ट १९४२, पालघर'. त्या दिवशी 'चले जाव' चळवळीत आपल्या गावात पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. ज्या बंदुकीतून त्या गोळ्या सुटल्या तीच ही, असे त्यांना विकणाऱ्याने सांगितले होते. मी ती खाली उतरवून घेतली. ईशापूरची थ्री-नॉट-थ्री, परंतु नळीतले आटे नाहीसे करून चारशे दहा बोअरची गुळगुळीत नळी केलेली, आणि काडतुसांच्या पेटीच्या जागी लाकडाचा ठोकळा, म्हणजे एका वेळी एकच बार. इंग्रजी अमदानीत पहारेकऱ्यांसाठी व पोलिसांसाठी ईशापूरने अशी रूपांतरे केली, हे खरे. एवढ्यावर गोष्ट जुळत होती, आणि खोटे सांगत नाही, क्षणभर माझाही हात थरथरला. मग मी कुंद्यापाशी असलेला पोलादी पट्टा भिंगाखाली धरला. तेथे मुकुट नव्हता. तेथे अशोकस्तंभाचे सिंह होते, आणि ते कोरलेले नव्हते, ठोकलेले होते.

गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. १९४२ साली पोलिसांच्या हाती कोणती बंदूक होती हे दप्तरातल्या कागदाने ठरेल, या लोखंडाने नाही, एवढे मी सांगितले. मग त्यांनी विचारले, 'म्हणजे ही खोटी?' मी म्हटले, 'बंदूक अगदी अस्सल आहे, पाटी खोटी आहे.' चहा झाल्यावर त्यांनी स्टूल ओढले, पाटीचे दोन्ही खिळे स्वतःच्या हाताने काढले आणि नव्या पाटीवर काय लिहावे ते मला कागदावर लिहून द्यायला सांगितले.