कारवानी कुत्रा : लक्षणे आणि जोपासना



दख्खनच्या माळरानावर शेतकरी-धनगरांनी सांभाळलेला कारवानी कुत्रा दिल्लीत पाळावा, अशी इच्छा आपल्यापैकी काहींच्या मनात असेल. निमुळते डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि लांब पाय ही त्याची लक्षणे. शिकार तो नजरेने हेरतो. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी या जातीस राजाश्रय दिला. २००५ साली तिची प्रतिमा टपाल तिकिटावर आली. २०१६ साली आपल्या शेजारच्या मेरठ येथे सैन्याने तिला शिक्षण देण्यास आरंभ केला.

या कुत्र्याच्या अंगी चरबी थोडी व केस आखूड. म्हणून येथील थंडीत त्यास झूल आणि मऊ अंथरूण हवे. कुंपणाच्या मैदानात रोज मोकळी धाव हवी. रस्त्यावर मात्र साखळी सोडू नये. पळते मांजर दिसले की धन्याची हाक त्यास ऐकू येत नाही. त्याचा सडपातळ बांधा पाहून, उपाशी समजून, अति चारू नये. शस्त्रक्रियेपूर्वी पशुवैद्यास जात अवश्य सांगावी, कारण काही भुलीची औषधे अशा कुत्र्यांना सोसत नाहीत.

एवढा वेळ व जागा ज्याच्यापाशी असेल, त्यानेच तो आणावा, अशी आमची विनंती आहे. सज्जात साखळीला जन्म काढणारा कारवानी पाहून दख्खनचा अभिमान कोणासही वाटणार नाही.