शिकाऊ डॉक्टर आणि पोटविकारांचे संशोधन

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



मी व्यवसायाने शाळामास्तर. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध रोग्याचा नातलग म्हणून येतो तेवढाच. तरीही आज पोटविकारांच्या संशोधनावर बोलण्याचे धाडस करीत आहे, त्याला कारण माझा एक जुना विद्यार्थी. तो एम. डी. होऊन आता पोटविकारांच्या विशेष अभ्यासक्रमात, म्हणजे डी. एम.च्या वर्गात, शिकत आहे. गेल्या नाताळात भेटीस आला तेव्हा म्हणाला, "सर, सकाळी वॉर्ड, दुपारी एंडोस्कोपी, रात्री ड्यूटी, आणि त्यातच प्रबंध लिहायचा. संशोधन हे आम्हां शिकाऊ लोकांच्या मानेवरचे जोखड आहे. खरे संशोधन परदेशातल्या मोठ्या प्रयोगशाळांतच होते." त्या दिवशी त्याला उत्तर द्यावयाचे राहून गेले. ते आज देतो.

माझ्या वडिलांना जठरव्रण, म्हणजे अल्सर होता. माझ्या लहानपणी आमच्या घरी दोन आमट्या शिजत. एक सर्वांसाठी आणि एक बिनतिखटाची, वडिलांसाठी. दर दोन तासांनी थंड दूध, उशाशी औषधाची बाटली. सर्वांचा सल्ला एकच असे: तिखट खाऊ नका, चिंता करू नका. तीन मुलींची लग्ने व्हावयाची आहेत अशा गृहस्थाने चिंता कशी टाकावी, हे मात्र कोणी सांगत नसे. १९८९ साली त्यांना रक्ताची उलटी झाली आणि जठराचा काही भाग कापून काढावा लागला. ते वाचले, पण पूर्वीचे जेवण पुन्हा त्यांना कधी गेले नाही. हे दुखणे त्यांनी आपल्या तापट स्वभावाने ओढवून घेतले, असे आम्ही घरची माणसे समजत होतो, आणि त्यांना तसे बोलूनही दाखवीत होतो.

आम्हांला ठाऊक नव्हते, पण बहुतेक अल्सरांच्या मागे असलेले कारण त्यापूर्वी पाच वर्षे छापून आले होते, आणि ते शोधणाऱ्या दोघांपैकी एक शिकाऊ डॉक्टर होता.

ही हकीकत ऑस्ट्रेलियातील पर्थ शहराची. तेथील रॉयल पर्थ रुग्णालयात रॉबिन वॉरन हे विकृतिशास्त्रज्ञ होते. जठराच्या अस्तराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना १९७९ साली त्यांना त्यांवर वाकडे जंतू दिसले. जठरातील आम्लात जंतू जगत नाहीत, ही त्या काळची ठाम समजूत. त्यामुळे त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९८१ साली बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर शिक्षणाच्या क्रमात पोटविकार विभागात काही महिन्यांसाठी आला. शिक्षणाचा भाग म्हणून त्याला एखादे संशोधनाचे काम करावयाचे होते. वरिष्ठांनी सुचविले, "वॉरन यांना भेट." माझ्या विद्यार्थ्याच्या मानेवर आहे तसलेच हे जोखड होते.

दोघांनी शंभर रोग्यांची पद्धतशीर तपासणी केली. जंतू वाढवून पाहण्याचे प्रयत्न मात्र एकामागून एक फसत होते, कारण दोन दिवसांत काही उगवले नाही की प्रयोगशाळेत बशा टाकून देत. १९८२ च्या ईस्टरची मोठी सुट्टी आली, बशा तशाच राहिल्या, आणि पाच दिवसांनी पाहतात तो जंतूंची वाढ झालेली! तेच पुढे हेलिकोबॅक्टर पायलोरी या नावाने प्रसिद्ध झाले. त्या शंभरांत ज्या १३ जणांना लहान आतड्याच्या आरंभी व्रण होता, त्या सर्वांच्या जठरात हे जंतू सापडले. १९८३ साली ऑस्ट्रेलियातील पोटविकारतज्ज्ञांच्या संस्थेने मार्शलचा निबंध नाकारला. १९८४ साली 'लॅन्सेट'ने दोघांचा लेख छापला. त्याच वर्षी मार्शलने जंतूंचे द्रावण स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. हे धाडस अनुकरणीय नव्हे. आज कोणत्याही प्रयोगास नीतिसमितीची मान्यता आणि रोग्याची संमती हवीच. पुढे १९९४ साली अमेरिकेतील तज्ज्ञसभेने अशा अल्सरांवर प्रतिजैविके देण्याची शिफारस केली आणि २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

"हे परदेशात झाले," असे कोणी म्हणेल. तर आपल्या देशातील उदाहरण घेऊ. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. १९७८ साली काश्मीरच्या खोऱ्यात तशीच साथ उसळली. मोहम्मद सुलतान खुरू हे पोटविकारांचे तरुण डॉक्टर गावोगाव फिरले, घरोघरच्या नोंदी केल्या. गर्भवती स्त्रिया या काविळीने अधिक दगावतात, हे त्यांच्या नोंदींतून दिसून आले. रक्ताच्या तपासण्यांत ही ओळखीची 'ए' किंवा 'बी' कावीळ नव्हती. हा वेगळाच विषाणू असावा, असे त्यांनी १९८० साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह दिल्लीच्या साथीतील जपून ठेवलेले रक्तद्रव तपासून तसाच निष्कर्ष काढला. हाच आजचा हिपॅटायटिस ई. कोणी तरी त्या कुप्या जपून ठेवल्या, म्हणून सुमारे पंचवीस वर्षांनी त्या बोलल्या.

आजही असे प्रश्न आपल्या वॉर्डांत पडून आहेत. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स व्याधी ही दोन दुखणी दिसण्यात इतकी सारखी, की भल्याभल्यांची फसगत होते. आणि एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर रोगी धोक्यात येतो. क्षयाच्या या देशात हा प्रश्न आपल्या डॉक्टरांना रोज भेटतो. पायलोरीचे जंतू जुन्या औषधांना दाद देईनासे झाले आहेत, त्यांची कोणत्या गावात काय स्थिती आहे हे पाहावयास हवे. दारूचा थेंबही न घेणाऱ्यांच्या यकृतात चरबी का साठते, हेही आहेच. यांसाठी पहिली गरज नीट भरलेल्या नोंदवहीची, आणि ती शिकाऊ डॉक्टरच्याच हाती असते.

मात्र सगळा भार त्याच्यावर टाकणे अन्यायाचे होईल. मार्शलला "वॉरन यांना भेट" असे सांगणारा वडीलधारा मिळाला. आपल्या अध्यापकांनी विषय वाटून देण्यापेक्षा शंका ऐकून घ्याव्यात, आणि रुग्णालयांनी आठवड्यातले चार तास तरी ड्यूटीतून मोकळे ठेवावेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद १९७९ पासून वैद्यकीय विद्यार्थ्यांना अल्पकालीन संशोधनासाठी शिष्यवृत्ती देत आली आहे. तिची माहिती पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थ्यांना असावी. आपणही, रोगी म्हणून, डॉक्टरने चार प्रश्न अधिक विचारले तर त्रासून जाऊ नये.

वडील आज हयात नाहीत. त्यांच्या अल्सरचे कारण तो जंतूच होता, हे आता सिद्ध करता येणार नाही; काही अल्सर वेदनाशामक गोळ्यांनीही होतात. पण दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी बरे होण्याची शक्यता असलेल्या माणसाला आम्ही वर्षानुवर्षे त्याच्या स्वभावाबद्दल दोष दिला, ही खंत मला आहे. माझ्या विद्यार्थ्याला एवढेच सांगतो: बाळ, प्रबंधाचा विषय निवडताना तुझ्या वॉर्डातल्या एखाद्या खाटेवर असाच कोणी बिनतिखटाची आमटी खाणारा गृहस्थ असेल, त्याच्यापाशी जरा वेळ बस आणि त्याला विचार.