हरळी इकत आणली!



आपल्याकडे 'लॉन' म्हटलं की डोळ्यांपुढे गवत येतच नाही. येतो तो मांडव, लाल गालिचा, आणि पत्रिकेत छापलेलं 'गोरज मुहूर्तावर'. नगरचा कल्याण रोड घ्या, मनमाड रोड घ्या, जिकडे तिकडे लॉन्स. मी मात्र आज खऱ्या लॉनबद्दल बोलणार आहे, म्हणजे घरापुढच्या हिरवळीबद्दल. आणि हो, जिल्ह्याचं नाव 2024 साली अहिल्यानगर झालं; पण साठीच्या माणसाच्या तोंडी सवयीनं नगरच येतं, तेवढं चालवून घ्या.

आम्ही मूळचे नेवासे तालुक्यातले. मुळा कालव्याच्या पाण्याखालची काळी जमीन. सात वर्षांपूर्वी सावेडीत घर बांधलं तेव्हा पुढच्या अंगाला गुंठाभर जागा मोकळी राहिली. मुलीचा हट्ट, की तिथं हिरवळ करायची. नर्सरीतून गवताचे चौकोनी गालिचे आणले, टेम्पोतून उतरवले. आई तेव्हा गावाहून आली होती. तिनं एक तुकडा उचलला, उलटा केला, मुळी नखानं खरवडून पाहिली आणि माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "आरं, ही तर हरळी! हरळी इकत आणली व्हय रं?"

तिचा राग खरा होता. तिची चाळीस वर्षं हरळीशी भांडण्यात गेली. वैशाखात नांगरट झाली की नांगरामागून बाया ओळीनं चालायच्या, ढेकळं फोडून काशा वेचायच्या. काशा म्हणजे हरळीच्या जमिनीतल्या पांढऱ्या, टोकदार कांड्या. कुंदा गवत आणि हरळी ज्या रानात शिरली, त्या रानाचा भाव पडायचा. मुलीसाठी स्थळ बघायला गेल्यावर पाहुणे मळ्यातून चक्कर मारून येत, ते विहीर बघायला तर जातच, पण बांधावरून हरळी किती आत आलीये तेही बघायला जात.

आणि हे काही नेवाशापुरतं नाही. 1977 साली लेरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सर्वांत वाईट तणांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात पहिला नंबर लव्हाळ्याचा आणि दुसरा हरळीचा. म्हणजे जगात दुसऱ्या नंबरचं वाईट तण मी पैसे मोजून घरी आणलं होतं, आणि पहिल्या नंबरचं, पुढं सांगतो, फुकटात आलं.

आता हरळीच का? कारण आपल्या उन्हात दुसरं फारसं काही टिकत नाही. 1803 च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीनं नगरचा किल्ला घेतला, पुढं छावणी वसली, आणि छावणीबरोबर बंगल्यापुढं हिरवळ ठेवायची इंग्रजी हौसही आली. पण त्यांच्या देशातली राय आणि फेस्क्यू ही गवतं थंड हवेची. पंधरा ते चोवीस अंशांत ती खुलतात, आपल्या एप्रिलमध्ये करपून जातात. हरळी उलट. ऊस, ज्वारी, बाजरी, मका यांच्याच गोतातली ती. पारा तीस-पस्तिसावर गेला की तिला हुशारी येते. हौस इंग्लंडची, गवत आपल्या बांधावरचं, अशी ही सोयरीक.

नर्सरीत 'सिलेक्शन वन', 'मेक्सिकन', 'कोरियन' अशी नावं कानावर पडतील. नावावर जाऊ नका, गवत हातात घेऊन बघा. बारीक, ताठ, दाट, बोटांना टोचणारं दिसलं तर ते बहुधा झोयसिया. ते सावली थोडी सोसतं, पण वाढतं अगदी सावकाश. हरळी झपाट्यानं पसरते, पण तिला ऊन लागतं. लिंबाच्या दाट सावलीत हरळी लावायचा नाद मी दोन वर्षं केला. तिसऱ्या वर्षी तिथं बाकडं टाकलं.

लावणीचं म्हणाल, तर आईच्या रागातच सगळं शास्त्र आलं. हरळीच्या कांडीला पेरापेरावर डोळा असतो, उसाच्या टिपरीसारखाच. शेतकरी रागानं रोटाव्हेटर घालतो, एका कांडीचे दहा तुकडे होतात, वर पाऊस पडतो, आणि दहा ठोंब उठतात. रानात ही जी चूक, तीच अंगणात लावणीची रीत. मृगात किंवा आर्द्रात, ओल असताना, दोन-तीन डोळ्यांचे तुकडे चार बोटांच्या अंतरानं मातीत दाबायचे. महागडे गालिचे आणायची गरजच नव्हती, हे मला उशिरा कळलं. बांधावर फुकट मिळाली असती.

खरी मेहनत त्याच्या आधी, जमिनीत. पंडित नेहरू 1942 च्या ऑगस्टपासून 1945 च्या मार्चपर्यंत आपल्या किल्ल्यात कैदेत होते. तिथं लिहिलेल्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'च्या पहिल्याच प्रकरणात ते आपल्या बागकामाबद्दल सांगतात. ती माती दगडगोट्यांची, जुन्या बांधकामाच्या राडारोड्यानं भरलेली होती. आज नव्या बंगल्यापुढची माती याहून वेगळी नसते. गवंडी गेला की विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, चुना, सगळं वरून मातीचा हात फिरवून झाकलेलं. वीतभर खणा, ते वेचून काढा, आणि मे महिनाभर ती जमीन उन्हात तापू द्या. नंतर पाणी सोडा. दहा-बारा दिवसांत जे जे उगवायचं ते उगवेल, ते खुरपून टाका. पुन्हा पाणी, पुन्हा खुरपणी. गवत लावायच्या आधी हे दोनदा केलंत, तर पुढची दोन वर्षं तुमची पाठ वाचेल.

मी हे केलं नाही. मी काय केलं, तर दोन ब्रास लाल माती मागवली. दिसायला काय सुरेख! गालिचे टाकले, पाणी मारलं, आणि पंधराव्या दिवशी हिरवळीतून पोपटी, चकचकीत, भाल्यासारखी पाती वर आली. लव्हाळा. मातीबरोबर त्याच्या गाठी आल्या होत्या. तेव्हा माती असो, तलावातला गाळ असो की शेणखत असो, घ्यायच्या आधी मूठभर चाळून बघा. काळपट, हरभऱ्याएवढ्या, सुगंधी गाठी दिसल्या तर गाडी परत पाठवा. याच गाठीला वैद्य मुस्ता म्हणतात आणि औषधात घालतात. त्यांना लागली तर त्यांनी न्यावी.

लव्हाळा ओळखायची खूण सोपी. दांडा दोन बोटांत धरून फिरवा. गवताचा दांडा गोल किंवा चपटा लागतो, लव्हाळ्याचा तीन कडांचा. लव्हाळा गवत नव्हेच, वेगळ्याच कुळातला. मी पहिला सबंध पावसाळा त्याला उपटत होतो. रोज सकाळी चहाच्या आधी. जितका उपटला, तितका वाढला. कारण जमिनीत त्याच्या गाठींची माळ असते. शेंड्याकडची गाठ बाकीच्यांना निजवून ठेवते. आपण माळ तोडली की निजलेल्या साऱ्या जाग्या होतात. थोडक्यात, मी त्याला उपटत नव्हतो, उठवत होतो.

मग आईच म्हणाली, "गाठीसकट काढ, न्हाईतर हात लावू नगं." अरुंद खुरप्यानं वीतभर खाली जाऊन, माती सैल करून, गाठीसकट काढायचा. नवं पान दिसल्यापासून तीन-चार आठवड्यांत त्याला नव्या गाठी धरू लागतात, म्हणून फेरी दर पंधरा दिवसांनी हवी. चुकवायची नाही. मला तीन पावसाळे लागले.

औषध नाही का? आहे. ऊसवाल्यांना हॅलोसल्फ्युरॉन ठाऊक असतं. उसात त्याचं प्रमाण एकरी 36 ग्रॅम. आता हिशेब करा. एकराचे गुंठे चाळीस, म्हणजे तुमच्या गुंठाभर अंगणाला एक ग्रॅमसुद्धा नाही. घरात एवढं मोजायचा काटा असतो का? आपण अंदाजानं चमचाभर टाकणार. शिवाय लेबलावरची ती शिफारस उसाची आहे, अंगणाची नाही. म्हणून मी त्याच्या वाटेला गेलो नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातल्या तणतज्ज्ञांना विचारल्याशिवाय तुम्हीही जाऊ नका. टू-फोर-डीबद्दल तर हात जोडून सांगतो. रुंद पानांच्या तणाला ते मारतं हे खरं, पण वाऱ्यावर उडून शेजारच्या टोमॅटोची, कपाशीची, द्राक्षाची पानं वाकडी करतं. सावेडीत द्राक्षं नाहीत, पण शेजारीण आहे आणि तिची टोमॅटोची कुंडी आहे.

बाकीची तणं मला शत्रू वाटत नाहीत. घोळ, तांदुळजा, पाथरी, आंबुशी ही आमच्याकडे खुरपून थेट परातीत जातात. फवारणीचा थेंब न पडलेल्या जागेतलीच, हे वेगळं सांगायला नको. एकदांडी आणि दुधी मुळासकट सहज निघतात. सराटा मात्र फूल दिसताच काढायचा. पिवळं फूल गोजिरं दिसतं, पण पंधरा दिवसांनी त्याचा काटा नातवाच्या तळव्यात असतो. गाजर गवत हिरवळीत क्वचित, कुंपणाकडेला हमखास. 1955 च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा नजरेला आलं आणि आज त्याच्याशिवाय गाव नाही. फुलावर यायच्या आत, हातात मोजे घालून उपटा.

पण तणावरचा खरा उपाय खुरपं नव्हे, कापणी. शेळ्या-मेंढ्या चरतात ते माळ पाहिलेत ना, हरळी कशी जमिनीला चिकटून गालिचा धरते? वारंवार शेंडा खुडला की ती आडवी फुटते. दाट हरळीत तणाच्या बीजाला उजेडच मिळत नाही. पावसाळ्यात आठवड्याला एक कापणी, दीड इंचावर, आणि एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नाही. दोन महिने वाढू देऊन एकदम बोडकी केली, की खालच्या पिवळ्या काड्या दिसतात आणि त्या उघड्या जागेत पहिला कोण येतो? लव्हाळा. मशीनचं पातं बोथट असेल तर पान कापलं न जाता फाटतं, दुसऱ्या दिवशी सगळ्या हिरवळीवर पांढरट छटा येते. ती रोगाची नसते, धार लावणाऱ्याकडं जा.

खत पावसाळ्यात दोनदा, गुंठ्याला एक किलो युरिया, कोरड्या पानावर टाकून वरून लगेच पाणी. आपल्या चुनखडीच्या जमिनीत पान पिवळं आणि शिरा हिरव्या असं झालं, तर तो उसावर येतो तोच केवडा. त्याला आणखी युरिया नको, हिराकस हवं. लिटरला पाच ग्रॅम, संध्याकाळी फवारायचं. फरशीवर पडू देऊ नका, तांबडे डाग जन्मभर जात नाहीत. आमच्या पायरीवर आहेत.

राहिलं पाणी. इथं मात्र मला थोडं कडू बोलायचं आहे. घाटमाथ्यावर रतनवाडी-घाटघरला पाऊस मोजता मोजवत नाही, पण जिल्ह्याचा बहुतेक भाग पाचशे-सहाशे मिलिमीटरवर जगतो. मे महिन्यात हिरवीगार हिरवळ रोज पाच मिलिमीटरच्या आसपास पाणी पिते. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. गुंठ्याचे चौरस मीटर शंभर. झालं, रोजचे पाचशे लिटर. दहा हजार लिटरचा टँकर वीस दिवसांत संपला. नगरपासून थोड्याच अंतरावर हिवरे बाजार आहे. तिथं गावकरी दर वर्षी पावसाचा आणि पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग कोणतं पीक घ्यायचं ते ठरवतात. अंगणाला हा ताळेबंद का नको?

हरळीला उन्हाळ्यात हिरवं राहायची हौस नसते, ती आपली असते. पाणी तोडलं की ती पिवळी पडते, वाळते, मेल्यासारखी दिसते. मेलेली नसते. काशा खाली जिवंत असतात. मी मार्चअखेरीपासून तीन आठवड्यांतून एकदा, तेही भांडी-भाज्या धुतलेलं पाणी देतो. येणारे-जाणारे म्हणतात, लॉन गेलं वाटतं. वळवाच्या पहिल्या सरीनंतर आठव्या दिवशी त्यांना बोलवायचं. डिसेंबर-जानेवारीतही तसंच. रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरला की हरळी तपकिरी होते. तेव्हा लोक घाबरून युरिया ओततात. तो वाया जातो. ती झोपली आहे, झोपू द्या. पाणी देता तेव्हा मात्र रोज शिंपडू नका, आठवड्यातून एकदा चांगलं मुरेपर्यंत द्या. रोजच्या शिंपणानं मुळं वरच राहतात, आणि लव्हाळ्याला तर ती मेजवानीच.

लग्नाच्या लॉन्सवाल्यांकडून एक शिकण्यासारखं आहे, काय करू नये ते. पाचशे खुर्च्या, हजार माणसं, आणि आदल्या रात्री भरपूर पाणी मारलेलं. काळी माती ओली असताना तुडवली की विटेसारखी बसते, मग त्यात मूळही जात नाही आणि हवाही नाही. घरी कार्य असेल तर चार दिवस आधी पाणी तोडा, आणि पाहुणे गेल्यावर दाताळ्यानं वीतवीत अंतरावर भोकं पाडून घ्या.

भाद्रपदात आमच्या फाटकाशी सकाळी सहालाच माणसं उभी असतात, दूर्वांसाठी. दूर्वा म्हणजे हीच हरळी. एकवीसची जुडी, तीन पात्यांचे कोवळे शेंडे. आमच्या जिल्ह्यात सिद्धटेकचा अष्टविनायक, शहरात माळीवाड्याचा विशाल गणपती, तेव्हा मागणी मोठी. त्या महिन्यात मी कापणी एका कडेची ठेवून देतो.

आई आता पंच्याऐंशीची आहे, आमच्याकडेच असते. गेल्या गणपतीत तिनं स्वतः बसून जुड्या बांधल्या, देवापुढं ठेवल्या, हात जोडले. मग खुरपं घेऊन तुळशीकडं गेली. हिरवळीतून एक फुटवा वृंदावनाच्या कडेच्या वांग्याच्या वाफ्यात शिरला होता. तिनं तो काशीसकट उकरून काढला, झटकला आणि फेकून न देता गेटच्या लोखंडी गजावर उन्हात वाळत घातला. मी विचारलं, कचऱ्यात का नाही टाकत? म्हणाली, "मातीला लागली तर परत उठंल."