शिधा मिळतो, जेवण करावे लागते
(गणेशोत्सवातील महिला सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सत्राचा विषय अन्नदान आहे. या विषयावर बहुधा देणारे बोलतात. आज आम्ही हैदराबादेतली काही घरे घेणाऱ्यांच्या बाजूने बोलणार आहोत.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. आमच्यात कोणाचे पोळी-भाजीचे काम, कोणाच्या शिकवण्या, कोणाची पौरोहित्याची मिळकत. ऐन लग्नसराईत सगळेच थांबले. तेलंगण सरकारने रेशनकार्डावर माणशी १२ किलो तांदूळ फुकट दिला, कार्डामागे १५०० रुपये दिले. म्हणजे चौघांच्या घरात ४८ किलो तांदूळ! मग मंडळांच्या, देवळांच्या पिशव्या आल्या. त्यांतही तांदूळच, सोबत हरभरे नाहीतर डाळ. त्या शिध्याने आम्हाला उपाशी ठेवले नाही, हे आधी सांगितले पाहिजे. पण आपली घरे मूळची मराठवाड्याकडची, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली. चार दिवसांत मुले भाताचे ताट सरकवू लागली. मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांना तिन्हीत्रिकाळ भात चालेना.

अशा वेळी आठवल्या त्या १९७२ चा दुष्काळ काढलेल्या आमच्या सासवा आणि आया. त्यांनी सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी थापल्या. धान्य परके असले तरी फोडणी आपली असते, हे त्यांच्याकडून शिकलो होतो.

मग तांदूळ दळला. पिठाची उकड काढून भाकरी केली, तेव्हा मुलांना ताटात भाकरी दिसली. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी हरभरे रात्री भिजवून, लसूण-मिरची घालून वाटले की धिरडी होत. त्यांत हरभरा जरा वाढवला की वडीलधाऱ्यांनाही बरे पडे. हरभरे शिजवलेले पाणी कधी ओतले नाही. त्यात चिंच आणि थोडे तिखट घालून कटाची आमटी केली, हरभऱ्यांची उसळ वेगळी. अंबाडीची जुडी मिळाली की तांदळाच्या कण्या आणि डाळ घालून भाजी, वर लसणाची फोडणी. दोडक्याच्या शिरा, भोपळ्याची साल यांची चटणी झाली. उरलेला भात कुस्करून, जिरे-मीठ लावून उन्हात वाळवला. पावसाळ्यात ते सांडगे कामी आले.

यापेक्षाही उपयोगी ठरली ती देवाणघेवाण. एकीकडे डाळ जास्त, दुसरीकडे गूळ. फोनवर ठरायचे आणि वाट्या दारावर ठेवल्या जायच्या. घेताना वाटणारा संकोच त्या वाट्यांनी पुष्कळ कमी केला, कारण प्रत्येक घर घेतही होते आणि देतही होते. एकेकाळी वार लावून जेवणारी मुले आपल्याच घरांतून शिकून मोठी झाली. घेणाऱ्याने मान खाली घालावी, अशी आपली रीत कधीच नव्हती.

म्हणून आज मंडळाला तीन विनंत्या. एक, पिशवीत धान्याबरोबर तेल, मीठ, तिखट, हळद, गूळ आणि चिंच असू द्या. नुसत्या धान्याचे जेवण होत नाही. दोन, पिशवी भरण्याआधी त्या घरात विचारा. तिथे कोणी तान्हे असेल, कोणाला पथ्य असेल, एखाद्या घरी तांदूळ आधीच भरपूर असेल. तीन, देताना फोटो काढू नका. त्या फोटोतली बाई उद्या याच मांडवात आरतीला आपल्या शेजारी उभी असते.

गौरी जेवतात त्या दिवशी आपण अन्नपूर्णेचे नाव घेतो. २०२० साली आमच्या प्रत्येक घरात ती चुलीपुढे उभी होती. शिधा पाठवणाऱ्यांचे आम्ही ऋणी आहोतच. त्या शिध्याचे जेवण करणाऱ्या हातांचीही आज आठवण ठेवू या.

गणपती बाप्पा मोरया!